वाणाचा डबा

स्टील आणू नकोस, असं मुलगा पुण्याहून दर फोनला बजावत होता आणि मी दर फोनला बरं म्हणत होते. बरं म्हणायला काय जातं? त्याच्याकडे काचेचे चौकोनी डबे आहेत, त्यांना निळी झाकणं, आणि सून ते फ्रीजमध्ये अशा शिस्तीत लावते की बघणाऱ्याला औषधाचं दुकान वाटावं. तिथे माझ्या संसाराची भांडी कुठे मावणार? तरी कायमचं पुण्याला जायचं म्हणून मांडणी उतरवायला घेतली आणि एकेक भांडं हातात धरून त्यावरचं नाव वाचत बसले.

भांड्यांवर नावं घालून घ्यायची आपल्या लोकांना भारी हौस. सासूबाईंनी दिलेलं पातेलं, बँकेतल्या बायकांनी निरोपाला दिलेला तांब्या, मंडळाच्या गणपतीत लिंबू-चमचा जिंकून मिळवलेली ताटली. लखनौतली आमची मोजकी मराठी घरं तेव्हा एकमेकांना धरून होती. कोणाचंही भांडं कोणाच्याही घरी गेलं तरी नाव वाचून पुन्हा आपल्या घरी यायचं. माणसांचं तसं झालं नाही. कोणी नाशिकला गेलं, कोणी लेकीकडे बंगळुरूला, आणि आमचे हे आणि माझी मैत्रीण चित्रा थेट वर.

मांडणीच्या कोपऱ्यात कडीचा एक डबा होता. पोटाला पोचा आलेला, झाकण मात्र अजून घट्ट. त्यावर कोरलं होतं: चित्रा, संक्रांत १९९२. ती गेल्यापासून तो माझ्याकडेच होता. तो पदराने पुसत होते, तेवढ्यात बेल वाजली.

दारात सुमन होती, आमच्या ब्लॉकच्या बिजलीवाल्या बृजेशची बायको. या इंदिरा नगरात असं एक घर नसेल ज्याचा गीझर बृजेशने उघडला नाही. सुमनला मी नेहमी नीटनेटकी पाहिलेली. आज डोळे सुजलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"आंटी, परसों से घर नहीं आए हैं," ती दारातच म्हणाली. "चाय की दुकान से उठा ले गए. सादे कपड़ों में थे. थाने जाती हूँ तो कहते हैं, यहाँ कोई लाया ही नहीं गया."

आत बसवून पाणी दिलं, तेव्हा सगळं कळलं. गोमती नगरातल्या एका फ्लॅटमधून दागिना गेला होता, आणि त्याच आठवड्यात बृजेश तिथे वायरिंग करून आला होता. एवढं पुरे होतं. दागिना मोठ्या माणसाचा होता आणि बृजेश मोठा माणूस नव्हता.

"मोहल्ले में सब कहते हैं, पहले आप लोग डिब्बा लेकर जाती थीं," सुमन म्हणाली. "और आदमी मिल जाता था."

वय वाढलं की राग शांत होतो म्हणतात. मला अजून तसा अनुभव नाही. जिथे पोलीस 'माणूस इथे नाही' म्हणतात, तिथेच त्या माणसाला उलटं टांगलेलं असतं, हे मी या शहरात कितीतरी वेळा पाहिलंय. नोंद नसलेल्या माणसाला कसंही मारता येतं. मेला तरी तो तिथे नव्हताच. बृजेश तिथे आहे हे कोणीतरी आजच्या आज उघडं पाडायला हवं होतं.

मी शर्वरीला फोन लावला. शर्वरी म्हणजे चित्राची मुलगी, इथल्याच हायकोर्टात वकिली करते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. चित्रा त्यावरून जन्मभर चिडली.

"मावशी, अर्जी मैं अभी बनाती हूँ कि आदमी को कोर्ट में पेश करो," ती म्हणाली. "लेकिन वो साफ़ मुकर जाएँगे. कैमरा ख़राब था, ये बोलेंगे. कुछ तो चाहिए हाथ में, जिससे दिखे कि वो वहीं है."

"मग मी डबा घेऊन जाते," मी म्हटलं.

तिने विचारलं, "मम्मी वाला?"

"दुसरा कुठला आहे?"

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. इथे या सणाला नुसतं खिचडी म्हणतात आणि घरोघरी उडदाची खिचडी होते. मी एक दिवस आधीच, लगेच कुकर चढवला. सुमन ओट्याला टेकून उभी राहिली, आणि कुकरच्या वाफेबरोबर मला चित्राच आठवायला लागली, काय करणार?

चित्रा औषधांच्या संशोधन संस्थेत होती. सांगलीची. स्वयंपाकात मीठसुद्धा प्रयोगशाळेत असल्यासारखं मोजून घालायची आणि तरीही तिची भाजी कधी जमली नाही. पण माणसं जमवावीत तर तिने. ब्याण्णवच्या संक्रांतीला तिने हळदीकुंकू केलं आणि त्यात कनीज आपांना बोलावलं. कनीज आपा चिकनच्या भरतकामाचे कुर्ते घेऊन आमच्या घरांत यायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शौकत शिंप्याच्या दुकानात. आपा दारातच थबकल्या.

"हम तो बेवा हैं, चित्रा बहन. हमारा क्या काम?"

"टीका मत लगवाइए. डिब्बा लीजिए," चित्रा म्हणाली. "डिब्बे को क्या मालूम?"

आमच्यातल्या दोघी-तिघींची तोंडं वाकडी झाली. चित्राने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षापासून तिच्या हळदीकुंकवाला विधवा, परित्यक्ता, शेजारची शीख मावशी, सगळ्या येऊ लागल्या, आणि तोंडं वाकडी करणाऱ्याच सगळ्यांत आधी हजर असायच्या, कारण वाण चांगलं असे.

गंमत पुढेच झाली. वाण म्हणजे दिलेली वस्तू, ती परत करायची नसते. हे कनीज आपांना कोण सांगणार? त्यांना वाटलं, भांडं परत द्यायचं आहे, वर मालकिणीचं नावही आहे. आठवड्याने त्या तो डबा शेवयांनी भरून घेऊन आल्या. रिकामं भांडं परत करू नये, हे त्यांच्याकडेही होतं आणि आपल्याकडेही. चित्रा म्हणाली, अहो, हा तुमचाच. आपा म्हणाल्या, तौबा, ऐसे कैसे. मग चित्राने त्यात गुळाच्या पोळ्या घालून तो परत पाठवला. त्यातून गाजराचा हलवा आला. हलव्यावर थालीपीठ गेलं. 'पहले आप'चं शहर हे, इथे माघार घेणार कोण? होळीपर्यंत तो डबा इंदिरा नगर ते आपांचा चौक मोहल्ला अशा खेपा घालत होता आणि दोन्ही घरांची वजनं वाढली. त्या हिवाळ्याइतकं मी नंतर कधी हसले नाही. आता कोणी भांडं परत आणतच नाही, कारण भांडं येतं तेच फेकायचं.

कुकर उघडला. खिचडीवर तूप सोडलं, आल्याचे बारीक तुकडे घातले, डबा भरला, कडी लावली. सुमनला माझ्या दुसऱ्या चपला दिल्या आणि आम्ही ई-रिक्षाने निघालो.

ठाणं आता ओळखू येत नाही. आमच्या वेळी बाहेर जप्तीच्या गंजलेल्या सायकली आणि एक झोपाळू बकरी असे. आता काचेचं दार आहे, कुंड्या आहेत आणि आम्ही आपल्या सेवेत आहोत अशी पाटी आहे. काचेमागे एक तरुण शिपाई बाई बसली होती. खिशावर नाव रीना. पलीकडे इन्स्पेक्टरसाहेब शेंगदाणे सोलत होते.

"बृजेश के लिए खाना लाई हूँ," मी म्हटलं.

"माताजी, इस नाम का कोई नहीं है यहाँ. बता चुके हैं इनको." साहेब सुमनकडे न बघताच बोलले.

"नहीं है? अच्छा. तो आप लोग खा लीजिए," मी म्हटलं. "खिचड़ी है. घर से बनाकर लाई हूँ, वापस क्या ले जाऊँ? बस डिब्बा मुझे लौटा दीजिए. मेरी सहेली का है, वो अब रही नहीं."

साहेब हसले. म्हाताऱ्या बाईला डब्याची पडलीय, माणसाची नाही, असं त्यांना वाटलं असणार. आमची सगळी भिस्त याच समजुतीवर असायची. "ले लो रीना," ते म्हणाले. "माताजी का दिल रख लो."

रीनाने डबा उचलला, झाकणावरचं नाव बोट फिरवत वाचलं आणि ती आत गेली. आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. सुमन तिच्या उजव्या हातातली तांब्याच्या तारेची अंगठी गोल गोल फिरवत होती. बृजेशनेच वायर पिळून केलेली. "सोने की बाद में दूँगा, बोले थे," ती म्हणाली. "एक मेरी, एक अपनी बनाई थी."

मी तिचा हात धरून ठेवला. बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतं, मग तिला शौकतचं सांगितलं. तेच सांगण्यासारखं होतं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात शौकतला असंच उचललं. कनीज आपा ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होत्या आणि आतून एकच उत्तर, कोणी नाही. वकील म्हणाला, पुरावा आणा. चित्रा मला म्हणाली, "माणिक, माणूस नाही म्हणणं सोपं आहे. नाव घातलेलं भांडं नाही म्हणून दाखवू दे." तिने खिचडी केली. मी म्हटलं, अगं, तुझ्या हातची? त्या पोराला आधीच कमी सोसावं लागतंय का? ती हसली नाही. वाणाचाच तो डबा घेऊन आम्ही दोघी आणि आपा गेलो. ठाण्यातल्या मुन्शीने, म्हणजे तिथल्या कारकुनाने, डबा ठेवून घेतला, चांगला चकचकीत स्टीलचा होता, त्याला तो आवडला असणार.

मग चित्राने जे आरंभलं ते मी जन्मात विसरणार नाही. शौकतचं नावही न घेता ती डबा मागायला लागली. "मेरा डिब्बा दीजिए. हळदीकुंकवाचा आहे. देखिए, नाम लिखा है." हिंदीत, मराठीत, इंग्रजीत. तासभर. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची की या ठाण्याने माझा डबा चोरला. वैतागून मुन्शी आतल्या शिपायावर ओरडला की त्या कंजूष बाईचं भांडं तोंडावर मारा तिच्या. शिपायाने आतून डबा आणला आणि न उघडताच हातात कोंबला.

आम्ही गेटबाहेर लिंबाखाली उघडला. आत शर्टाचं एक काळं बटण होतं.

आपांनी ते उचललं आणि खाली बसल्या. शौकतच्या पांढऱ्या शर्टाचं बटण तुटलं होतं, घरात पांढरं नव्हतं म्हणून त्यांनी काळं लावलं होतं, आणि लोक हसतील म्हणून तो त्यांच्यावर रुसला होता. चित्रा ते बटण घेऊन तशीच मागे वळली. साहेबाच्या टेबलावर ते ठेवलं आणि विचारलं, जो मुलगा इथे नाही त्याचं बटण माझ्या डब्यात कुठून आलं? संध्याकाळच्या आत शौकत मॅजिस्ट्रेटसमोर उभा होता. उभा म्हणजे दोन माणसांनी धरलेला, कारण तळपायांवर मारलं होतं. पण जिवंत.

खिचडी शिपायांनी शेवटी त्याच्याचपुढे सरकवली होती. नंतर तो म्हणायचा, "आंटी, बर्तन आपका था. ख़ाली कैसे भेजता? वहाँ मेरे पास और था ही क्या?"

त्याला आपण पुरावा पाठवतोय हे माहीतच नव्हतं. मारून मारून अर्धा केलेल्या पोराने फक्त रीत पाळली होती. हे आठवलं की मला अजून रडू येतं, आणि मी ते आवरतही नाही.

तिथून आमचं सुरू झालं. कागदावर आम्हाला मोठं नाव होतं, पण मोहल्ल्यात आम्ही डिब्बेवाली आंटियाँ. कोणी उचलला गेला की कुठली तरी बाई आमच्यापैकी एकीच्या दारात यायची. डबा जायचा, आम्ही तो परत मागत बाकावर बसायचो, आणि डब्यातून काही ना काही यायचं. विडीचं थोटूक, धागा, एकदा नुसतीच मिठाने भरलेली पुडी. जिथे काही यायचं नाही तिथे काय उरलंय ते बघायचं. वरण संपलेलं आणि पोळी तशीच, म्हणजे जबड्यावर मार आहे. चित्रा ते बघून वकिलाला सांगायची आणि डॉक्टरी तपासणीचा हट्ट धरायची. दर वर्षी छळाविरुद्धच्या दिवशी, जूनच्या त्या भट्टीत, हजरतगंजच्या गांधी पुतळ्याखाली आम्ही रिकामे डबे घेऊन बसायचो. मलीहाबादचे आंबे त्याच दिवसांत येतात. घोषणा देऊन घसा बसला की आमच्यातली विभा पिशवीतून दशहरी काढायची आणि बंदोबस्ताचे पोलीसही आंबे चोखत उभे राहायचे. तुम्ही म्हणाल, हे कसलं आंदोलन. असलंच होतं आमचं, आणि मला त्याची फार आठवण येते.

सगळे सुटले असं मात्र मी सुमनला सांगितलं नाही. सरोजिनी नगरचा एक टेम्पोवाला मुलगा होता. त्याच्यासाठी विभाचा डबा गेला आणि तो परतच आला नाही. मुलगा आला, पांढऱ्या कापडात. विभाने पुन्हा कडीचा डबा घेतला नाही, आणि तिच्या मांडणीवरची ती जागा ती पुण्याला गेली तोवर रिकामी होती.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा काचेचं दार उघडलं. रीना डबा घेऊन बाहेर आली.

"लीजिए आंटी," ती मोठ्याने म्हणाली, आतल्यांना ऐकू जाईल असं. "सबने खा लिया. इस नाम का कोई नहीं है यहाँ." आणि डबा देताना, तितक्या मोठ्याने नाही, "सँभाल के ले जाइएगा."

कोपऱ्यावरच्या उसाच्या रसवाल्यापर्यंत मी श्वास रोखून चालले. मग उघडला. डबा धुऊन कोरडा केलेला होता. माझा धीर खचला. पुरावा राहू नये म्हणून धुतला असणार, असं वाटलं. सुमनने तो माझ्या हातातून घेतला, उन्हाकडे तिरपा केला, आणि आत काहीतरी खुळखुळलं.

तांब्याची तार होती. पीळ उलगडलेला, पण अंगठीचा गोलपणा अजून न गेलेला. सुमनने स्वतःची अंगठी काढून तिच्याशेजारी तळहातावर ठेवली. तीच वायर, पिळाच्या त्याच खुणा. ती रसवाल्याच्या खुर्चीत बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली, आणि मी तिला रडू दिलं.

शर्वरी अर्ध्या तासात आली. तिने दोन्ही अंगठ्यांचे फोटो घेतले, डबा आत जाताना आणि बाहेर येताना मी माझ्या फोनने गुपचूप टिपलेले फोटो घेतले, आणि सुमनला गाडीत घालून कोर्टात नेलं. "मावशी, आप घर जाइए," म्हणाली. मी कसली जाते? दुपारी न्यायाधीशांनी विचारलं की जो माणूस ठाण्यात नाही त्याची अंगठी ठाण्यातून कशी आली, आणि साहेबांच्या वकिलाला खोकला आला. चित्रा असती तर म्हणाली असती, तीस वर्षांत यांना नवीन उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी बृजेशला हजर केलं. आजच सकाळी अटक केली, असं त्यांनी कागदावर दाखवलं. शर्वरीने तिथल्या तिथे डॉक्टरी तपासणी मागितली आणि ती मिळालीसुद्धा. पुढे चार दिवसांनी दागिना त्याच फ्लॅटमधल्या कपाटामागे सापडला, आणि साहेबांची बदली पोलीस लाइनीत झाली, म्हणजे ठाणं गेलं, पगार चालू. यापलीकडे त्यांना काही झालं नाही. ते मला अजून टोचतं, पण तो लढा शर्वरीने सोडलेला नाही.

मी बृजेशला इस्पितळात भेटायला गेले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. तिळाच्या वड्या नेल्या होत्या. सुमन त्याच्या उशाशी. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले.

"हाथ बाँधकर लटकाया था," सुमन हळूच म्हणाली.

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. म्हटलं, बेटा, तू शहाणा. अंगठी डब्यात टाकायचं बरोबर सुचलं तुला.

त्याने मान हलवली. "मैंने नहीं डाली, आंटी. मेरे हाथ तो उठ ही नहीं रहे थे. उँगलियाँ इतनी सूजी थीं कि अंगूठी माँस में धँस गई थी."

"मग?" मी हिंदी विसरून विचारलं.

"एक मैडम आई थीं, वर्दी वाली. डिब्बा लेकर. चम्मच से खिलाया मुझे, पूरी खिचड़ी. एक शब्द नहीं बोलीं. फिर अंगूठी का तार खोला, धीरे-धीरे, और ले गईं. मुझे लगा, चोरी कर रही हैं."

मी खुर्चीत बसले. इतकी वर्षं आम्ही त्या दारांबाहेर बसून आतल्या माणसाची खूण मागत होतो. आतून खूण पाठवायला त्यांच्यातलंच कोणी पुढे येईल, हे चित्राच्याही स्वप्नात आलं नसतं. ते तिला सांगता येत नाही याचं मला त्या दिवशी, तिच्या मरणानंतर पहिल्यांदा, इतकं वाईट वाटलं.

तसंच उठून ठाण्यात जावंसं वाटत होतं, पण त्याने त्या मुलीचीच नोकरी गेली असती. म्हणून नवे साहेब येईपर्यंत थांबले. मग डब्यात तिळाच्या वड्या भरल्या आणि रिक्षाने गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आमच्यात संक्रांतीचं रथसप्तमीपर्यंत चालतं, सगळ्यांना वाटते आहे. शेवटी डबा काचेपलीकडे सरकवला. रीनाने वडी घेतली, डबा माझ्याकडे परत सरकवला.

"ये आपका है, आंटी. नाम लिखा है."

"मेरा नाम नहीं है," मी म्हटलं. "जिसका है, वो भी इसे दे ही देती थी. रख लो. संक्रांत का वाण है, लौटाते नहीं."

तिने जरा वेळ झाकणावरच्या अक्षरांकडे पाहिलं आणि डबा टेबलाखाली ठेवला. अंगठीचं ती बोलली नाही, मीही बोलले नाही. घरी आले ती हलकी होऊन. उरलेलं स्टील सुमनला आणि शेजारी वाटून टाकलं. मुलाच्या म्हणण्याप्रमाणे दोन बॅगा, त्यात एकही भांडं नाही. परवाचं तिकीट.

निघायच्या आदल्या सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर कडीला डबा लटकत होता. कोणी कधी अडकवला कळलं नाही. पोटाला तोच पोचा, झाकणावर तीच अक्षरं. उघडला. आत रामदान्याचे, म्हणजे आपल्या राजगिऱ्याचे लाडू होते, अजून थोडे कोमट.

मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि एक लाडू खाल्ला. गूळ जरा जास्त होता. मग मुलाला फोन लावला आणि सांगितलं, माझं तिकीट रद्द कर, मला इतक्यात येता येणार नाही.

"का गं, काय झालं?" तो घाबरला.

"काही नाही रे," मी म्हटलं. "एका मुलीचा डबा परत द्यायचाय. रिकामा कसा देऊ?"